दोनशे बाराव्या पानावरचा ड्रॅगन

जपानातल्या ताकाओका शहरात ट्राम जिथं वळण घेते त्या कोपऱ्यावर कुरामित्सुंचं पुस्तकांचं दुकान आहे. आत शिरलं की उजव्या हाताला किशोरांची पुस्तकं. जादूगारांची, शापित राजपुत्रांची, शाळेच्या गच्चीवरून दुसऱ्याच जगात जाऊन पडणाऱ्या मुलींची. ते कपाट चिगुसा मिझुहाशीचं. मालकी अर्थात कुरामित्सुंची, पण धूळ चिगुसा पुसायची, पुस्तकं ती मागवायची, आणि पुस्तकांपुढची कार्डंही तीच लिहायची.

कार्डं सगळ्याच दुकानांत असतात. दुकानातल्या माणसानं पुस्तक वाचायचं, आपल्या हातानं दोन ओळी लिहायच्या, रंगीत कडा काढायची आणि कार्ड पुस्तकापुढं उभं करायचं. बाकीचे लिहितात, ‘थरारक’, ‘खाली ठेववत नाही’. चिगुसा असलं काही लिहीत नसे. ती फक्त पान सांगायची. ‘पान ८७. ट्राममध्ये वाचू नका.’ ‘पान ३०४. इथं मी रडले. नंतर भांडी घासताना पुन्हा रडले.’ एवढंच. लोक कार्ड वाचून हसायचे आणि पुस्तक घ्यायचे, अन् घरी त्या पानापाशी पोचले की मुकाट्यानं डोळे पुसायचे. इतक्या वर्षांत तिचं पान चुकल्याचं कुणी म्हटलं नव्हतं.

याचं कारण साधं होतं. ती मनाला येईल ते लिहीत नसे. प्रकाशक आधी कच्ची प्रत पाठवतात, ती चिगुसा वाचायचीच; पण छापील पुस्तक हातात आलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची, आणि दुसऱ्यांदाही तिथंच रडू आलं तरच कार्डाला हात लावायची. कुरामित्सु म्हणायचे, "मिझुहाशीसान, प्रकाशकांनी तुम्हाला पुस्तकांबरोबर रुमालही पाठवायला हवेत."

वाचायची वेळ सकाळची. भात शिजला की पहिली मूद पितळेच्या इवल्या भांड्यात उंच रचून अमिदा बुद्धाच्या देव्हाऱ्यात ठेवायची, मेणबत्ती लावायची, घंटेवर एक टोल, हात जोडून ‘नामु अमिदा बुत्सु’. मग तिथंच उशीवर बसून थोडी पानं. हा नेम आईनं लावलेला, आणि आईच्या डोळ्यांदेखत चालायचा. आईला पुस्तकांचा नाद नव्हता. ती शेजारी काहीतरी शिवत बसायची, आणि लेकीनं नाक ओढलं की सुईवरची नजर न काढता विचारायची, "आज कुणाला मारलं तुझ्या लेखकानं?"

"घोड्याला."

"अरेरे. घोड्यानं काय केलं होतं त्याचं?"

गेल्या फेब्रुवारीत आई गेली. दिवस आधीच मोजलेले होते, त्यामुळे धक्का असा बसला नाही. शेवटी शेवटी आईचे हात फार गार पडायचे. चिगुसा खिशात ठेवायच्या उबेच्या पुड्या फोडून त्या मुठीत धरायला द्यायची, पुडी निवली की दुसरी. एका सकाळी पुडी गरम होती आणि हात नव्हते. अंत्यविधीला चिगुसानं सगळं नीट केलं. कुणाला चहा मिळाला, कुणाच्या चपला ओल्या जागी आहेत, हे तिच्या ध्यानात होतं. बायका आपसात म्हणाल्या, "सावरलीय हो." तिला वाटलं, सावरायला आधी पडावं लागतं.

नेम मात्र मोडला नाही. भात, मेणबत्ती, टोल, नाव, पानं. देव्हाऱ्यातला भात दुपारच्या आत उतरवायचा आणि खायचा, तोही ती खात होती. फक्त पुस्तकं वाचून तिला काही होत नव्हतं. वसंतात एक गाजलेली मालिका संपली. शेवटच्या भागात जुळ्या भावांपैकी एकजण दुसऱ्यासाठी आरशात कायमचा अडकून राहतो. बारा-तेरा वर्षांच्या मुली दुकानात पुस्तक छातीशी धरून उभ्या राहायच्या. चिगुसानं तो भाग वाचला आणि तिला वाटलं, आरसा पुसणार कोण. पुढं चेटकिणींच्या शाळेची गोष्ट आली. नायिका पावसात, चिखलात, रक्तात तोच झगा घालून हिंडत होती. चिगुसाच्या मनात आलं, लोकर आहे, वास येत असेल. मग एक प्रेमाची आली, हजार वर्षं जगणारा कोल्हा आणि साधी मुलगी. मुलगी म्हातारी होते, कोल्हा तसाच. पूर्वी असलं काही वाचलं की चिगुसाचा रुमाल ओला व्हायचा. आता तिनं पान उलटलं, कारण पान संपलं होतं.

त्या पुस्तकांपुढं कार्डं लागली नाहीत. कुरामित्सुंनी कधी विचारलं नाही. ते ट्रामसारखे होते, ठरलेल्या वळणाशिवाय वळायचे नाहीत.

शरद ऋतूच्या तोंडाशी ‘उत्तरेची चूल’ या कादंबरीची कच्ची प्रत आली. लेखक नवा नव्हता. त्याच्या आधीच्या दोन पुस्तकांना चिगुसाच्या कार्डांनी चांगलं पळवलं होतं. गोष्ट अशी, की नागी नावाची अनाथ मुलगी आणि बगळ्याएवढा एक म्हातारा ड्रॅगन, होकोरी. होकोरीची आग केव्हाच विझलेली. आता तो लोकांच्या चुलीत झोपतो आणि फार तर आंघोळीचं पाणी कोमट करतो. दोघं उत्तरेला निघतात. दोनशे बाराव्या पानावर हिमवादळात होकोरी उरलीसुरली ऊब नागीच्या हातांना देत रात्रभर जागतो. सकाळी नागीचे हात गरम असतात आणि तो नसतो.

चिगुसानं ते पान देव्हाऱ्यासमोर बसून वाचलं. वाचताना तिच्या ध्यानात आलं की असंच काहीतरी आपल्याकडेही झालं होतं, फक्त उलटं. शेजारणीनं भाजीचा भाव सांगावा तसं ते ध्यानात आलं. तिनं खूणपट्टी घातली आणि डबा भरायला उठली.

पुस्तक छापून आलं, तेव्हा मात्र कुरामित्सु वळले. कार्डांचा कोरा गठ्ठा त्यांनी गल्ल्याजवळ ठेवला आणि म्हणाले, "गर्दीचे दिवस आलेत. याचं तरी लिहाल का? लोक विचारतात. म्हणतात, चिगुसासान आजारी आहेत का?"

"आजारी नाहीये मी."

"मी तेच सांगतो. ते म्हणतात, मग रडत का नाहीत?"

त्यांनी गमतीनं म्हटलं होतं, आणि चिगुसाही हसल्यासारखं करून हसली. मग तिनं पेन उचललं. छापील पुस्तक समोरच होतं, पण तिनं ते उघडलं नाही. उघडून काय होणार होतं? रडू कुठं यायला हवं ते ठाऊक होतं, इतकी वर्षं हेच तर केलं होतं. तिनं लिहिलं, ‘पान २१२. रुमाल जवळ ठेवा. मी ठेवला नव्हता.’ निळी कडा काढली. कडा सुबक आली.

पुस्तक पळू लागलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यातली एक नर्स आली. ती नेहमीची. म्हणाली, "चिगुसासान, दोनशे बारावर तर काहीच नाही हो. माझंच काही चुकलं का?"

"सावकाश वाचून बघा," चिगुसा म्हणाली.

नर्स मान हलवून गेली. नंतर एका मुलीनंही तेच विचारलं. चिगुसानं तिलाही सावकाश वाचायला सांगितलं, आणि परत देताना पुस्तकाला नवं कागदी वेष्टन घालून दिलं.

वेष्टनं घालणं हे दुकानाचं रोजचंच काम. विकलेल्या पुस्तकाला साधा खाकी कागद चढवायचा, म्हणजे ट्राममध्ये आपण काय वाचतोय ते बाजूच्याला कळत नाही. या वेष्टनाचा सगळ्यात जास्त उपयोग होत असेल तर तो कोताईजी मठातल्या सेत्सुयोबाईंना. त्या मठाच्या आचार्यांच्या आई, आधीच्या आचार्यांच्या पत्नी. गाव त्यांना बोमोरीसान म्हणतं, मठाची माउली. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, आणि वाचन सगळं ड्रॅगनांचं. मठात येणाऱ्यांना वाटायचं, बोमोरीसान सदा धर्मग्रंथ उघडून बसलेल्या असतात. चिगुसाला त्या तिच्या लहानपणापासून ओळखत होत्या, आणि तिच्या कार्डाशिवाय पुस्तक घेत नव्हत्या. वसंतापासून त्यांनी एकही पुस्तक घेतलं नव्हतं. ‘उत्तरेची चूल’चं कार्ड लागलं त्याच संध्याकाळी त्या आल्या, कार्ड वाचलं, चिगुसाकडे एकदा नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, "आलं का परत? बरं झालं." त्या कशाबद्दल बोलताहेत हे चिगुसाला कळलं. तिनं वेष्टन चढवलं.

आईच्या तिथीला दर महिन्याला मठातून कुणीतरी घरी पठणाला यायचं. नोव्हेंबरात आचार्य परगावी गेले होते, म्हणून बोमोरीसान स्वतः आल्या. दीक्षा त्यांचीही झालेली. त्यांनी मेणबत्ती लावली, टोल दिला, आणि बारीक पण न अडखळणाऱ्या आवाजात सगळं पठण केलं. चिगुसा मागं बसून हात जोडून होती. मग तिनं चहा आणला, बशीत पर्सिमनची वाळवलेली फळं ठेवली. बोमोरीसाननी चहाचा घोट घेतला आणि पिशवीतून खाकी वेष्टनाचं पुस्तक काढून दोघींच्या मध्ये ठेवलं.

"एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचारा ना."

"दोनशे बारावर तुला रडू कशाचं आलं गं?"

चिगुसानं कप खाली ठेवला. "होकोरी जातो, त्याचं."

"कुठं जातो?"

"म्हणजे... मरतो."

बोमोरीसान तिच्याकडे बघत राहिल्या. "चिगुसाचान, तो मरत नाही. मी रुमाल काढून बसले होते. पान आलं, तो सकाळी उठला, शिंकला, आणि म्हणाला, रताळं आहे का. मला वाटलं, पुढच्या पानावर मरेल. मग वाटलं, पोरीच्या कार्डात पान चुकलं असेल, त्याच्या पुढच्या पानावर. शेवटपर्यंत मी त्या बिचाऱ्याच्या मरणाची वाट बघत होते. त्याला जरा खोकला आला की माझा जीव वर. काहीही न होणाऱ्या पुस्तकाला मी जन्मात एवढी घाबरले नव्हते."

चिगुसानं पुस्तक उचललं. वेष्टन बोमोरीसानच्या हाताळण्यानं मऊ झालं होतं. दोनशे बारा. वादळ होतं. नागीचे हात होते. होकोरी तिच्या मुठीत मान घालून रात्रभर जागत होता, इथपर्यंत शब्द न् शब्द तोच. मग सकाळ. ‘होकोरी शिंकला. त्याच्या नाकातून धुराचा एक लहानसा गोळा आला, आणि तो स्वतःच त्याच्याकडे आश्चर्यानं बघत राहिला. "रताळं आहे का?" तो म्हणाला.’

कच्च्या प्रतीवर पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं असतं, मजकूर बदलू शकतो. ते चिगुसानं इतक्या वेळा वाचलं होतं की ते वाचायचं असतं हेच ती विसरली होती. लेखकानं मागाहून बदललं होतं. नर्स बरोबर होती. ती मुलगीही बरोबर होती.

तिनं पान पुन्हा वाचलं. घरात चहाच्या किटलीचा बारीक आवाज येत होता. तिसऱ्यांदा वाचताना तिला काहीतरी होऊ लागलं. तिला वाटलं आता रडू येणार, आणि तिनं त्याची वाट पाहिली, पण ते रडू नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. दात एकमेकांवर घट्ट बसले होते. हे काय आहे हे ओळखायला तिला वेळ लागला, कारण पुस्तकाबाबत असं तिला कधी झालं नव्हतं.

"काय बाई लाड," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"याचे. रात्रभर हिमात पडलेला म्हातारा, अन् सकाळी उठून रताळं मागतो. आधी मेला होता हा, बोमोरीसान. मी वाचलंय. चांगला मेला होता. मग लेखकाला वाटलं नको, म्हणून खोडलं. एवढं सोपं. रेघ मारली की झालं." तिचा आवाज वाढला नव्हता, तिचा आवाज कधीच वाढत नसे, पण हातातलं पुस्तक तिनं फाडकन मिटलं. "आणि सगळे म्हणणार, किती गोड शेवट."

बोमोरीसाननी एक पर्सिमन उचललं, त्याचा देठ काढला आणि ते बशीच्या कडेला ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मेला होता तेव्हा तू रडलीस."

आता हो म्हणणं अगदी सोपं होतं. कच्ची प्रत कुणी बघायला येणार नव्हतं. बोमोरीसान हसल्या असत्या, लेखकाला दोन शब्द बोलल्या असत्या, आणि पुढच्या कार्डासाठी पुन्हा दुकानात आल्या असत्या. चिगुसानं देव्हाऱ्याकडे पाहिलं. भात अजून उतरवायचा होता.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हाही नाही रडले. आई गेल्यापासून कशालाच नाही. मी ते उगाच लिहिलं."

"उगाच."

"लोक विचारत होते म्हणून."

बोमोरीसाननी पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि पिशवीत ठेवलं. पिशवीची गाठ बांधली. "मला वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "रडली नाहीस त्याचं नाही. माझ्या मिस्टरांच्या वेळी मीही नव्हते रडले, मठात एवढी माणसं जेवायची होती. पण मी गेला आठवडाभर सगळ्यांना सांगत होते की पोरगी रडली, आता काळजी नाही. तुझ्या आईच्या देव्हाऱ्यापुढंही मघाशी मनात तेच म्हटलं. आता ते मी परत कसं घेऊ?"

चिगुसानं मान खाली घालून नमस्कार केला, चटईला कपाळ टेकेपर्यंत. बोमोरीसान दारात चपला घालताना थांबल्या.

"राग आलाय ना पण?"

"आलाय."

"अजून?"

चिगुसानं स्वतःला तपासून पाहिलं, ताप बघावा तसं. "अजून."

"हं," बोमोरीसान म्हणाल्या, आणि छत्री उघडून गेल्या.

चिगुसानं भात उतरवला आणि त्यावर चहा ओतून खाल्ला. ‘आज कुणाला मारलं तुझ्या लेखकानं?’ आईनं विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, कुणालाच नाही. आणि आई म्हणाली असती, मग नाक कशाला ओढतेस. ती नाक ओढत नव्हती. तिनं वाटी धुतली, पितळेचं भांडं पुसून जागेवर ठेवलं, आणि दुपारच्या पाळीला दुकानात गेली.

निळ्या कडेचं कार्ड तिनं काढून खिशात टाकलं. कोरं घेतलं. कडा काढली नाही. लिहिलं: ‘पान २१२. आधीच्या कार्डावर लिहिलं होतं ते खोटं होतं. मी रडले नव्हते, आणि छापील पुस्तक वाचलंही नव्हतं. आता वाचलं. रुमाल लागणार नाही. इथं मला राग आला.’ मग तिनं गल्ल्यावर जाऊन ते कुरामित्सुंपुढं ठेवलं. दुकान त्यांचं होतं, आणि दुकानातल्या माणसानं खोटं लिहिलं हे दुकानातच उभं करायचं तर त्यांना विचारायला हवं होतं.

कुरामित्सुंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कार्ड डोळ्यांजवळ नेलं. त्यांनी ते बराच वेळ धरून ठेवलं. बाहेर ट्राम वळली, काच थोडी हलली.

"ती नर्स परवा पुन्हा आली होती," ते म्हणाले. "मी तिला सांगितलं, छपाईची चूक असेल."

"चूक माझी आहे. तिला मी सांगेन."

"हे असं लावलं तर पुस्तक कोण घेईल?"

"ठाऊक नाही," चिगुसा म्हणाली. "पण हे खरं आहे. एवढंच आहे माझ्याकडे सध्या."

कुरामित्सुंनी कार्ड हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले, पुन्हा जवळ घेतलं.

"राग आला हे जरा मोठं काढा," ते म्हणाले. "दारातून दिसत नाही."

त्यांनी ड्रॉवरमधून जाड पेन काढून दिलं. चिगुसाचे हात गार पडले होते. नोव्हेंबरात ते पडतातच. तिनं ते गल्ल्यावरच्या त्यांच्या चहाच्या कपाभोवती थोडा वेळ धरले. मग तिनं कोरं कार्ड घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहायला बसली.